नवीन फोर बाय फोर घेतली, आता पहिलं काय बसवू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिम्नी, गुरखा नाहीतर सेकंडहँड जिप्सी, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी) गाडी कुठलीही असो, दारात आली की हेच प्रश्न सुरू होतात. उत्तरं सह्याद्री, कोकण आणि देशावरची माती डोळ्यासमोर ठेवून दिलीत. लडाखला किंवा राजस्थानात जाणार असाल तर थोडं इकडंतिकडं होईल, पण क्रम साधारण हाच राहतो.

गाडी कालच ताब्यात आली, पहिल्यांदा काय बसवू?

काहीच नको. आधी दोन-चार ट्रेल (कच्च्या, अवघड वाटा) स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीवर मारा. आपल्याकडच्या फोर बाय फोर गाड्या मुळातच बऱ्यापैकी तयार येतात हो. थारला २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमीन ते गाडीचं पोट हे अंतर) आहे आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणं ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता, जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिमी पण वजन बाराशे किलोच्या आसपास म्हणून चिखलात ती कमी रुतते, आणि गुरखा तर पुढचा-मागचा दोन्ही डिफ लॉक (एक चाक नुसतंच फिरायला लागलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय) आणि स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) घेऊनच शोरूममधून बाहेर पडते. पहिल्या वर्षात गाडी कमी पडत नाही, आपण कमी पडतो, आणि कुठं कमी पडतोय हे कळल्याशिवाय सामान घेतलं की ते सामान गॅरेजच्या माळ्यावर जातं.

तरी खर्च करायचाच असेल तर माझा क्रम असा: आधी हवा, मग दोर, मग टायर, मग पोटाखालचं संरक्षण. म्हणजे अडकल्यावर बाहेर कसं यायचं यावर आधी पैसे घाला, आणखी आत कसं घुसायचं ते नंतर बघू. लोक बरोबर उलटं करतात. लाइटबार, मोठा बंपर, स्टिकर सगळं असतं आणि ओढ्यात बसल्यावर विचारतात, कुणाकडं दोर आहे का.

हवा म्हणजे नक्की काय घ्यायचं? पंपावर फुकट मिळते की.

पंप ट्रेलच्या तोंडाशी नसतो ना. दोन वस्तू घ्या, एक बरा प्रेशर गेज (काही शे रुपयांत येतो) आणि एक १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. अख्ख्या यादीत पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक ह्याच दोन गोष्टींनी पडतो आणि ह्याच कुणाला दाखवता येत नाहीत म्हणून कुणी घेत नाही.

हवा कमी केली की टायर रुंदीला थोडा आणि लांबीला बराच पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा मोठा होतो, त्यामुळं मऊ मातीत चाक खाली खणत बसत नाही आणि दगडावर रबर दगडाचा आकार धरतं. एकदा खाली बसून बघाच. तोच ओला जांभ्याचा चढ, तीच गाडी, ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) मागचं चाक गोल फिरून लाल राड मागं फेकतं, आणि १८ ला आणल्यावर साइडवॉलला तो छोटा फुगवटा येतो आणि गाडी इंजिनचा आवाजसुद्धा न वाढवता चढून जाते.

कॉम्प्रेसर घेताना एवढंच बघा की तो बॅटरीच्या टर्मिनलला चिमटे लावून चालणारा आहे. लायटरच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे शे-दीडशे वॉटच्या पुढं तिथून काही मिळत नाही. सॉकेटवर चालणारे छोटे पंप कारच्या पंक्चरला ठीक, पण थारचे चार टायर १८ वरून ३२ ला न्यायचे म्हणजे ते तापून बंद पडतात. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर टायर भरले आणि बॅटरी उतरली असं होईल.

किती पीएसआय ठेवायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण गाडीचं वजन, टायर, जमीन सगळंच वेगळं असतं. सुरुवातीला असं धरा: खडकाळ कच्चा रस्ता २२ ते २५, चिखल आणि ओले चढ १८ च्या आसपास, वाळू १५. जिम्नी हलकी आहे, ती अजून थोडं खाली चालवून घेते. साध्या रिमवर १२-१३ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो आणि तो परत बसवायचा उद्योग भर पावसात कुणाला नको असतो. डांबर लागलं की परत भरायची, आळस करायचा नाही. कमी हवेवर हायवेला ८० नं गेलात तर साइडवॉल तापून टायर फुटू शकतो.

दादा, रिकव्हरी किटमध्ये, म्हणजे अडकलेली गाडी काढायच्या सामानात, काय काय हवं?

बाजारात लाल पिशवीत पंधरा वस्तूंचं किट मिळतं त्यातल्या निम्म्या वस्तू कधीच बाहेर निघत नाहीत. लागतं ते एवढं: एक कायनेटिक रोप, दोन शॅकल, म्हणजे दोर गाडीच्या हुकाला जोडायच्या कड्या (दोरीचे सॉफ्ट शॅकल किंवा वजन कोरलेले लोखंडी बो शॅकल), जाड हातमोजे, एक फावडं, आणि जमलं तर ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) जोडी. शॅकलवर वर्किंग लोड (किती वजन झेलेल ते) लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत दिसणारे बरेचसे शोभेचे असतात.

कायनेटिक रोप नायलॉनचा असतो आणि ताणला की लांबीच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढतो. ओढणारी गाडी थोडा वेग घेते, दोर ताणला जातो, आणि तो आखडताना रुतलेली गाडी सावकाश उपसून काढतो. साध्या टो बेल्टला किंवा साखळीला हा ताण नसतो, त्यावर झटका मारला तर काहीतरी तुटणारच, एकतर दोर नाहीतर गाडी. रोपची तुटायची क्षमता गाडीच्या वजनाच्या अडीच-तीन पट असावी, उगाच फार जाड घेतला तर तो ताणलाच जात नाही आणि मग त्याला कायनेटिक म्हणण्यात काही अर्थ नाही.

अजून एक, गावातला ट्रॅक्टरवाला मदतीला आला तर हातात शॅकल द्यायच्या आधी त्याला दोन मिनिटं नीट सांगा की दादा झटका नको, हळू घ्या. मावळात, मुळशीत, कोकणात ही माणसं हातातलं काम सोडून येतात, पैसे घेत नाहीत म्हणतात, तरी डिझेलचे द्या.

दोर गाडीला बांधायचा कुठं?

हा खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा. चासीला बोल्टनं पक्क्या बसवलेल्या हुकलाच. ट्रेलर ओढायला मागं जो गोल लोखंडी गोळा असतो, टो बॉल, त्याला चुकूनसुद्धा नाही. तो सरळ ओढायच्या वजनासाठी असतो, झटक्यानं मानेतून तुटला तर दोराच्या ताणानं तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो आणि परदेशात अशी माणसं गेलेली आहेत. बंपरला नाही, सस्पेन्शनच्या आर्मला नाही, आणि काही गाड्यांना पुढं जो स्क्रू करायचा छोटा डोळा देतात तो रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढायला आहे, चिखलातून उपसायला नाही.

दोर ताणला असताना त्याच्यावरून पाय टाकायचा नाही, मध्ये उभं राहायचं नाही, दोरावर मधोमध एखादं गोणपाट किंवा जाड जॅकेट टाकायचं. मुलं, बघे, व्हिडिओ काढणारे सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. ह्यावर वाद नको.

टायर कधी बदलू? एटी घेऊ की एमटी?

स्टॉक टायर झिजू द्या, घाई नाही. बदलायची वेळ आली की दहातल्या आठ जणांनी ऑल टेरेन (एटी) घ्यावेत असं माझं मत. मड टेरेन (एमटी) दिसायला भारी, खोल चिखलात खरंच चांगले, पण तुमची गाडी वर्षातले किती दिवस चिखलात असते ते मनाशी खरं सांगा. बाकीचे दिवस ऑफिस आणि हायवे. एमटीचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी पकडतात, ताम्हिणी किंवा आंबोलीत भर पावसात उताराला ब्रेक मारताना ते जाणवतं, शिवाय आवाज आणि मायलेज.

आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट फुटतो तो धारदार कडा घेऊन, आणि तो टायर कापतो बाजूनं. साइडवॉलच्या चिरेला पंक्चर किटमधली दोरी चालत नाही, तिथं टायर गेलाच म्हणायचं. त्यामुळं नक्षीपेक्षा साइडवॉल किती प्लायची (थरांची) आहे ते दुकानदाराला विचारा. आणि देशावरची ओली काळी माती हा स्वतंत्र विषय आहे, ती कुठल्याही टायरच्या खाचेत गच्च बसते आणि चार चाकांवर चार गुळगुळीत लाडू तयार होतात. अशा शेतरस्त्यावर पाऊस पडल्यावर जायचंच नाही, एटीही नाही आणि एमटीही नाही.

घेताना पाच घ्या. स्टेपनी वेगळ्या साइजची राहिली तर फोर बाय फोरमध्ये ती लावता येत नाही.

थारला ३३ इंची टायर बसवू का? मित्राचे भारी दिसतात.

दिसतात. आता हिशोब बघा. थारच्या १८ इंची रिमवरचा २५५/६५ आर १८ टायर साधारण ७८९ मिमी उंच भरतो, म्हणजे ३१ इंच. ३३ इंची म्हणजे ८३८. फरक ४९ मिमी, पण गाडी वर जाते ती त्याच्या निम्मी, २४-२५ मिमी. एवढ्यासाठी चाकं जड होतात, ब्रेक लांबतो, गिअरिंग उंच होतं म्हणून घाटात गाडी सुस्त वाटते, मीटर १०० दाखवत असताना तुम्ही १०६ नं जात असता, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो ते वेगळंच.

जिम्नीवाल्यांनी १९५/८० वरून २१५/७५ आर १५ वर जावं, उंची सेंटीमीटरभर वाढते, रुंदी मिळते आणि एटीमध्ये पर्यायही जास्त मिळतात. तरी साइज बदलताना कंपनीनं दिलेल्या मर्यादेत बसतंय का ते बघा, इन्शुरन्सचा प्रश्न खाली आलाय.

गाडी उंच करणारं लिफ्ट किट कधी?

बहुतेकांना कधीच नाही. जिम्नी, जिप्सी यांना पुढं-मागं सरळ अ‍ॅक्सल आहे, आणि गाडीतली सगळ्यात खालची जागा म्हणजे त्या अ‍ॅक्सलवरचा डिफचा (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा. लिफ्टनं बॉडी वर जाते, तो गोळा आहे तिथंच राहतो, तो वर जातो फक्त टायर मोठा केला तर. आताच्या थारला पुढं इंडिपेंडंट (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारं) सस्पेन्शन आहे, तिथं लिफ्ट केलं की ड्राइव्हशाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो आणि त्या सांध्यावरचे रबरी बूट लवकर फाटतात. वर गुरुत्वमध्य चढतो, आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती वाढते.

पोट दगडावर टेकतंय, खरंच आणि वारंवार टेकतंय, तर आधी जाड स्किड प्लेट (पोटाखालचे संरक्षक पत्रे) लावा. इंजिन सम्प (खालची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) झाकतील अशा. बाजूला पाय ठेवायचे पायदान असतात ते दगडावर दुमडून दरवाजा अडवतात, त्याऐवजी चासीला बसणारे रॉक स्लायडर (दाराखालचे भक्कम लोखंडी दांडे). हे दोन केलं की लिफ्टचा प्रश्न पडत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

स्नॉर्कल लावला की गाडी पाण्यात चालते ना?

इंजिनला हवा वरून मिळते, बस तेवढंच. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लाखाच्या घरात बिल येतं, ते स्नॉर्कल वाचवतो हे खरं. पण वायरिंग, अल्टरनेटर, क्लच, बेअरिंग सगळं खालीच असतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती डिफच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या छोट्या तोंडाची. तासभर चालवून अ‍ॅक्सल गरम झालेला असतो, तो थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलच्या फटीतून पाणी आत खेचते. पुढच्या सर्व्हिसला ड्रेन प्लग उघडला की काळसर ऑइलच्या जागी दुधाळ कॉफीच्या रंगाचं काहीतरी गळतं. मेकॅनिक नुसता तुमच्याकडं बघतो.

उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिन बेमध्ये उंच नेऊन बांधायची. स्नॉर्कलच्या आधी हे करा. आणि वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि कुणी आधी चालत जाऊन बघितलं नसेल तर परत फिरा, स्नॉर्कल असो नसो.

विंच (मोटरनं दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) घेऊ का?

एकटे फिरत असाल आणि दाट जंगलपट्ट्यात जात असाल तर विचार करा. दोन गाड्यांनी जाणाऱ्यांना दोर पुरतो. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं तिथं विंचशिवाय पान हलत नाही, पण तुम्ही तिकडं स्पर्धेला निघाला नाहीत. विंचची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी हवी, म्हणून थारसाठी ९५०० पाउंडची, म्हणजे ४३०० किलोची घेतात. पूर्ण लोडला ती ३००-४०० अँपिअर ओढते, बॅटरी तशी हवी. शिवाय नाकावर विंच आणि तिचा बंपर मिळून बरंच वजन येतं, पुढचं सस्पेन्शन बसतं, मग स्प्रिंग बदला, म्हणजे एका वस्तूनं तीन वस्तूंचा खर्च. घेतलीच तर झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा सोबत घ्या, नुसता वायर रोप झाडाला बांधून साल सोलू नका.

डिफ लॉकर?

आधी तुमच्या गाडीत काय आहे ते वाचा. थारच्या काही व्हेरियंटला मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे, तो बटणावर लागत नाही, दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की आपोआप लागतो. म्हणून चाक हवेत गेल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, हलका धरून ठेवायचा, क्षणभरात 'खट्' होतं आणि गाडी सरकते. जिम्नी हेच काम फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून करते. बरेच जण लॉकर विकत घ्यायला निघतात आणि असलेला वापरायला शिकलेलेच नसतात. इगतपुरीला महिंद्राची ऑफरोड ट्रेनिंग अकादमी आहे, एक दिवस तिथं घालवा, कुठल्याही लॉकरपेक्षा जास्त कामी येईल.

आणि हो, कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकांना ताकद देणारा, नेहमीच्या वेगाचा गिअर) लावून फिरू नका. थार, जिम्नी दोन्हीला सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा) नाही, वळणावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

लोखंडी बुलबार, लाइटबार, आरटीओ पकडतं का?

बुलबार नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनाप्रमाणं बदल करता येत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पादचाऱ्याला लागतो तो मुद्दा तर आहेच.

लाइटबार म्हणाल तर घाटातल्या धुक्यात तो उलटा त्रास देतो, वरून मारलेला पांढरा झोत धुक्यावरून परत तुमच्याच डोळ्यात येतो. धुक्याला खाली लावलेले पिवळे फॉगलॅम्प बरे. आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचा विचार करा जरा.

इन्शुरन्स आणि वॉरंटीचं काय?

बाहेरून बसवलेलं काहीही विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं येतं. वायरिंग कापून लाइट लावले आणि नंतर इलेक्ट्रिकल फॉल्ट आला तर वॉरंटीत वाद होतोच, म्हणून कपलरवर जोडणारी हार्नेस आणि रिले वापरा. पाण्यात जायची सवय असेल तर इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घ्या, साध्या पॉलिसीत पाण्यानं इंजिन गेलं तर ते सहसा धरत नाहीत. पण त्याच्याही अटी वाचा.

माझी थार रिअर व्हील ड्राइव्ह आहे, माझ्यासाठी काही?

एटी टायर, हवा, दोर, आणि सोबत एक फोर बाय फोरवाला मित्र.

जुनी जिप्सी घेतलीय, तिला आधी काय?

अपग्रेड शब्द सहा महिने विसरा. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), शॅकल बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटर, आणि सगळ्यात आधी चासी. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घ्या आणि पाट्याचे हँगर जिथं चासीला लागतात तिथं हातोडीनं ठोकून बघा. ठण्ण आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा गंजाचे पापुद्रे पडले तर पैसे तिथं जाणार. कोकणातली गाडी असेल तर हे दोनदा बघा. जिप्सी हलकी आहे, पाटे मोकळे आणि ग्रीस केलेले असले तर स्टॉक अवस्थेतच ती भल्याभल्यांना लाजवते.

रूफ रॅक आणि तंबू?

कॅम्पिंगला जात असाल तर ठीक, पण छताची लोड मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा आणि चालत्या गाडीची मर्यादा धरा, उभ्या गाडीची नव्हे. स्टेपनी, जेरीकॅन, जड जॅक वर ठेवू नका. जड सामान खाली आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये.

हे सगळं घेऊन चालवायची कुठं?

अभयारण्यात आणि वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही. कासच्या पठारावर, किंवा तशा कुठल्याही सड्यावर नाही, तिथली मातीची पातळ साय एकदा चाकानं उचकटली की वर्षानुवर्षं फुलत नाही. भाताच्या खाचरात आणि बांधावरून तर अजिबात नाही, गावात कुणालातरी विचारा, वाट दाखवतात. किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, महाराष्ट्रातही बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि भरतीच्या वेळी वाळूत बसलेली गाडी काढायला कुठलं किट पुरत नाही. गाडीला खारं पाणी लागलंच तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याचा फवारा पोटाखालून मारून घ्या, चासीच्या भोकांतून आत आणि ब्रेक ड्रमच्या मागूनसुद्धा.